वेबमेलचं दुसरं पान

सरांच्या खोलीच्या दारावर पाटी होती: "वेबमेल नीट दिसत नसल्यास प्रथम आपला संगणक पाहावा. नंतर आपला चष्मा पाहावा. नंतरच आत यावे." पुण्यातल्या पाट्यांचं कौतुक बाहेरगावच्या लोकांना. आम्हाला ती पाटी रोज वाचून राग यायचा, कारण ती नेमकी आमच्यासाठीच लावलेली होती. मी एकदा म्हटलं, सर, निदान 'कृपया' तरी लिहा. तर म्हणाले, कृपा करायची असती तर पाटी लावली नसती.

आमची संस्था सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वर. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणं हे संस्थेचं काम. विद्यार्थी तोंडी उत्तर सांगतो, शेजारी बसलेला लेखनिक ते कागदावर उतरवतो. आमचे लेखनिक म्हणजे निवृत्त बँकवाले, शिक्षिका, मुलं मोठी झालेल्या बायका, दुपार मोकळी असणारी माणसं. विद्यार्थ्याने विषय, तारीख आणि केंद्र मेलने कळवायचं. लेखनिकांनी घरी बसून संस्थेची सामाईक पेटी वेबमेलवर उघडायची, जमेल तो मेल निवडायचा आणि खाली 'मी जाते' असं लिहून टाकायचं. मग दोघांनी परीक्षेच्या दिवशी थेट केंद्राच्या फाटकाशी भेटायचं. ही जुळवाजुळव नीट चालली आहे ना, हे बघणं माझ्याकडे होतं. मेल चालू ठेवणं त्यांच्याकडे.

पन्नाशी उलटलेली, उंच, मानेत किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशाला तांबडी पेन्सिल. पूर्वी एका कारखान्याच्या संगणक विभागात होते. तो बंद पडल्यावर आमच्याकडे आले. बिबवेवाडीहून स्कूटरवर यायचे आणि हेल्मेट घालूनच जिना चढायचे. खोलीत शिरून दार लावेपर्यंत ते डोक्यावरून उतरायचं नाही. जिन्यात कोणी गाठून मेलबद्दल विचारू नये म्हणून ही युक्ती. एकदा एका आजोबांनी तरीही गाठलंच, तर यांनी काच वर न करताच कानाकडे बोट दाखवून ऐकू येत नसल्याची खूण केली आणि ते पुढे गेले.

खोली म्हणजे पूर्वीची ध्वनिफिती ठेवायची कोठी. तिथे दान मिळालेली दोन मोठी यंत्रं होती. त्यांना त्यांनी नावंसुद्धा कौतुकाची दिली नव्हती, एक 'पुढचा' आणि एक 'मागचा'. मेल येऊन साठायचे ते मागच्यात. पुढचा ते तिथून उचलून आमच्या पडद्यावर पान करून मांडायचा. मला समजावं म्हणून एकदा त्यांनी सांगितलं होतं, की मागचा म्हणजे स्वयंपाकघर आणि पुढचा म्हणजे वाढपी. जेवण स्वयंपाकघरात झालेलं असतं, वाढप्याने ताट कसं वाढलं यावरून लोक उगाच आचाऱ्याला शिव्या देतात, असं त्यांचं म्हणणं.

तक्रार घेऊन गेलं की ते जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून पुढे सरकवायचे आणि खिशातली तांबडी पेन्सिल द्यायचे. काय दिसतंय ते काढा. मोबाईलवर काढलेला फोटो चालायचा नाही. फोटो मोबाईल काढतो, तुम्ही कुठे काय बघता, असं म्हणायचे. आम्ही शाळेतल्या मुलांसारखे स्टुलावर बसून पडदा काढायचो. इथे नावं, इथे बटणं, इथे काहीतरी वाकडं. एक निवृत्त शिक्षिका तर कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा काढायच्या, काट्यांसकट. सर ते चित्र हातात धरून निरखायचे आणि बहुतेक वेळा चित्रावरूनच बिघाड सांगायचे. हे पाहून मी थक्क व्हायचे, पण त्यांना तसं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यावरही काहीतरी ऐकून घ्यावं लागलं असतं.

चित्र काढून व्हायच्या आधी मात्र एक प्रश्न ठरलेला होता. मेल पोचला का? पोचला, पण सर, तो दिसताना जरा... मग पोचलाय ना! दिसणं ही हौस आहे. पोचणं हे काम आहे. हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही त्यांच्या पाठीमागे ते त्यांच्याच आवाजात म्हणायचो. वरणात मीठ कमी असलं तरी कोणीतरी म्हणायचं, पोचलंय ना!

मेल पाठवणाऱ्याला आपोआप जाणारं उत्तरही त्यांनीच लिहिलेलं होतं. 'आपला मेल पोचला आहे.' बस्स. कार्यकारिणीला त्यात 'आभारी आहोत, लवकरच संपर्क साधू' असं हवं होतं. त्यावर एक अख्खी बैठक झाली. सर म्हणाले, की लवकरच संपर्क साधू ही थाप आहे, साधू की नाही हे यंत्राला ठाऊक नाही. पोचला आहे हे त्याला ठाऊक आहे. जे खरं आहे तेवढंच लिहावं. कार्यवाहांनी हात टेकले. आमचे कार्यवाह म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले एक सज्जन, देवभोळे, दुपारी एक ते चार झोपणारे, आणि तरीही सरांशी वाद घालायची हिंमत असलेले एकमेव.

सरांची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढे तिनेच घात केला. त्यांचा स्वतःचा इनबॉक्स कायम रिकामा असायचा. मेल आला की वाचायचा, उत्तर द्यायचं, पुसून टाकायचा. इनबॉक्स म्हणजे उंबरठा, उंबरठ्यावर कोणी मुक्कामाला राहत नाही म्हणायचे. आमच्या पेट्यांत वर्षानुवर्षांचे मेल साठलेले, त्यावरून आम्हाला मुबलक बोलणी बसायची. पण दुसऱ्याचा एकही मेल त्यांनी कधी पुसला नाही. जागा संपत आली तरी नाही. तुमचा कचरा तुम्ही काढा, मी दुसऱ्याच्या मेलला हात लावत नाही, असं सांगायचे.

एवढ्या खाष्ट माणसाचं एकाच व्यक्तीशी जमायचं. प्रतिभा. यवतमाळकडची मुलगी, जन्मापासून अंध, बीएच्या शेवटच्या वर्षाला. कात्रजला चुलतभावाकडे राहायची. मागे एकदा तापात राहून गेलेला एक पेपर सोडला तर तिचं सगळं झालेलं होतं. तिच्या जिल्ह्यातल्या एका अंधशाळेच्या वसतिगृहात मुलींची ताई म्हणून तिला घ्यायचं ठरलं होतं. अट एकच, दिवाळीनंतर रुजू होताना पदवी झालेली हवी. घरच्यांनीही तेवढ्यासाठीच आणखी एक वर्ष पुण्यात राहू दिलं होतं. तो पेपर सुटला की पगार, स्वतःची खोली, आणि घरी कोणाला हात धरायला न सांगता जगणं. हे ती इतक्या वेळा सांगायची की आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं.

सर वेबमेलमध्ये काहीही बदल केला की तिला बोलवायचे. बावीस वर्षांच्या पोरीला ते 'अहो परीक्षक बाई' म्हणायचे, थट्टेने नव्हे. ती एका कानात इयरफोन घालून बसायची, तिच्या फोनमधला आवाज पडद्यावरचं सगळं भराभर वाचून दाखवायचा, आणि ती सांगायची, इथे अडकते सर, इथे दोनदा म्हणते. सर मुकाट्याने दुरुस्त करायचे. आमच्यापैकी कोणी तसं सांगितलं असतं तर आधी चष्मा बघायला लागला असता.

आता त्या भाद्रपदाचं सांगते.

दोन्ही यंत्रांना अधूनमधून अपडेट द्यावं लागायचं आणि दोघांवरच्या अपडेटचा नंबर एकच असावा लागायचा. सरांचा नियम कडक होता. आधी पुढचा, मग मागचा, दोन्ही एकाच दुपारी, आणि मध्ये चहासुद्धा नाही. अर्धी हजामत करून न्हावी जेवायला जात नाही, म्हणायचे. त्या वर्षी गणपतीमुळे काम लांबलं. विसर्जनाची मिरवणूक संपून पेठेतले रस्ते मोकळे झाले, त्या दुपारी त्यांनी हात घातला. पुढचा झाला. मागच्याला सुरुवात केली आणि तो अडला. त्याच्या पोटात जागाच नव्हती. आमचे साठवलेले मेल.

नवी डिस्क आणायला हवी होती. सर कार्यवाहांकडे गेले. कार्यवाह म्हणाले, उद्यापासून पितृपंधरवडा आहे, संस्थेत नवी वस्तू येणार नाही, घटस्थापनेला आणू. सर म्हणाले, डिस्क ही वस्तू नाही, नुसती जागा आहे. कार्यवाह म्हणाले, जागा तर पितृपक्षात मुळीच घेत नाहीत. मी मध्ये पडून म्हटलं, मी माझ्या नावावर आणते, संस्थेला लागायला नको. त्यावर दोघेही माझ्यावरच घसरले. कार्यवाह म्हणाले, कोणीही आणली तरी नवी ती नवीच. सर म्हणाले, संस्थेच्या यंत्रात संस्थेचीच डिस्क बसेल. एरवी कशावरही एकमत न होणारी ही दोन माणसं तेवढ्यापुरती एक झाली. पुढच्याला जुन्या नंबरवर परत नेता येत नव्हतं, एकदा अपडेट झालं की झालं. मागचा जुना, पुढचा नवा, आणि मध्ये अख्खा पंधरवडा.

दुसऱ्या दिवशी वेबमेल उघडलं तर पान ओळखू येईना. रंग गेलेले, रेघा गेलेल्या, सगळी नावं डाव्या कडेला एकावर एक रचलेली, आणि बटणांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. कारण सरांनी मला सांगितलं. पान लागणारी चित्रं आणि बटणं त्या त्या नंबरच्या कप्प्यातून मागतं. मागचा जुन्या नंबरच्या कप्प्याचा पत्ता सांगत होता, आणि पुढच्याने तो कप्पा अपडेट होताना टाकून दिला होता. मेल मात्र एकही हरवलेला नव्हता. सगळे पोचत होते.

आठवडाभर त्यांची खोली लेखनिकांनी भरलेली होती. स्टुलावर एक उठला की दुसरा. कॅलेंडरची पानं संपली, मग मागच्या वर्षीचं काढलं. सर जुनी चित्रं हुडकून एकेक हाताने त्या जुन्या कप्प्यात नेऊन ठेवत होते. एक बटण दिसायला लागलं की दुसरं गायब व्हायचं. डबा उभ्यानेच खायचे. डोळे लाल झालेले असायचे. हे सगळं टाळता आलं असतं, एका डिस्कने, हे ज्याला त्याला दिसत होतं आणि कोणाच्याच हातात नव्हतं. माझा स्वतःचा संताप संताप होत होता. मी कार्यवाहांना दोनदा बोलले, तर ते म्हणाले, अहो, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, आपल्या वाडवडलांसाठी एवढं सोसायला नको का.

शेवटी पान जमलं. रंग आले, रेघा आल्या, बटणं आली. सरांनी त्या शिक्षिकाबाईंना बोलावून चित्र काढायला लावलं. त्यांनी काढलं, घड्याळासकट. सरांनी ते आपल्या पडद्याशी पडताळून पाहिलं, तंतोतंत. मग प्रतिभाला बोलावलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर वाचते सर. उलट साफ वाचते आता, मधे ते बटण-बटण म्हणत राहायचं नं, ते गेलं." सरांचा चेहरा उजळला. त्यांच्या लेखी तिच्या शब्दावर पुढे अपील नव्हतं. मला म्हणाले, झालं, आता घटस्थापनेपर्यंत ओढून नेऊ. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला, आणि हे आमच्या ओळखीत पहिल्यांदाच घडत होतं.

एक गोष्ट मात्र आलेली नव्हती. पानाच्या तळाशी, उजवीकडे, पुढच्या पानावर नेणारा एक छोटा बाण असायचा. त्याचं चित्र जुन्या कप्प्यात पोचलंच नव्हतं, आणि त्याच्या जागी रिकामा चौकोनसुद्धा उमटत नव्हता, नुसतं पांढरं. सरांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांच्या रिकाम्या इनबॉक्सला आयुष्यात कधी दुसरं पान नव्हतं. शिक्षिकाबाईंनी जे दिसलं ते काढलं. प्रतिभाच्या पेटीतही मोजकेच मेल, तिला बाणाशी काय देणंघेणं. आणि आम्ही बाकीचे, पान पुन्हा पानासारखं दिसतंय याच्याच आनंदात होतो.

ते परीक्षेचे दिवस होते. सामाईक पेटीत मेलवर मेल येत होते. नवा आलेला सगळ्यात वर, जुने खाली खाली सरकत जाणार. एरवी लेखनिक तळाशी जायचे, बाण दाबायचे आणि मागे राहून गेलेले मेल आधी उचलायचे. आता पेटी पहिल्या पानावरच संपत होती. सगळ्यांनी वरचे उचलले, 'मी जाते, मी जातो' लिहिलं, आणि यंदा एकही शिल्लक नाही म्हणून मीसुद्धा खूश झाले.

प्रतिभाने तिचा मेल पंधरवड्याच्या पहिल्याच दिवशी पाठवला होता. ती कायम सगळ्यांच्या आधी पाठवायची. पान विस्कटलेलं असताना पेटी कोणालाच धड वाचता आली नव्हती, आणि ते जमेपर्यंत, आधी पाठवला म्हणून, तो सगळ्यात खाली गेला, दुसऱ्या पानावर.

तिचा पेपर सर्वपित्रीला होता. संस्था त्या दिवशी बंद असते. ती कात्रजहून बसने केंद्रावर आली आणि ठरल्याप्रमाणे फाटकाशी उभी राहिली. कोणीतरी येऊन हाक मारेल म्हणून ती येणाऱ्या प्रत्येक पावलाकडे कान लावून होती. मग तिने संस्थेत फोन केला. तो रिकाम्या खोलीत वाजत राहिला. केंद्रावरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी थोडा वेळ थांबून पाहिलं, पण शेवटी, लेखनिकाशिवाय पेपरला बसता येणार नाही, हा नियम सांगितला. हे सगळं तिने आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. चुलतभाऊ तिला घेऊन आला होता, घटस्थापनेच्या सकाळी. कार्यवाह नव्या डिस्कच्या खोक्याला हळदकुंकू लावत होते.

ती म्हणाली, "मॅडम, लेखनिक आलेच नाही."

मी म्हटलं, अगं, तुझा मेलच नव्हता. मी रोज पेटी बघत होते.

"केला होता नं. पोचला म्हणून आलं होतं." तिने फोन पुढे धरला आणि बोट फिरवलं. फोनमधल्या त्या कोरड्या आवाजाने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, आपला मेल पोचला आहे.

सर खोलीच्या दारात येऊन उभे होते. ते मागे वळले, आत गेले, थेट मागच्या यंत्रात शोधलं आणि पुन्हा बाहेर आले. "पोचलाय," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला होता, पण इतक्या हळू आवाजात कधी नाही. मग ते माझ्या टेबलाशी बसले, सामाईक पेटी उघडली, कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि स्वतःच पडदा काढायला लागले. वरपासून सुरुवात केली, एकेक ओळ उतरवत खाली आले, आणि तळाशी त्यांचा हात थांबला.

"इथे काय असतं?" त्यांनी मला विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाण, मी म्हटलं.

त्यांनी त्या पांढऱ्या जागेवर पेन्सिल टेकवली. "जे नाहीये ते कोणी काढत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं सगळ्यांना चित्रं काढायला लावली मी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सर, मी, प्रतिभा आणि तिचा भाऊ, लगेच तिच्या महाविद्यालयात गेलो. सर पहिल्यांदाच हेल्मेट काढून कोणाच्या तरी जिन्याने चढले. तिथले प्राचार्य सभ्य होते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की संस्थेचंच उत्तर आहे मेल पोचल्याचं, मग चूक आमच्याकडून कुठे झाली? सर म्हणाले, तुमच्याकडून नाही, माझ्याकडून झाली. मी लेखी देतो. पण शिक्षा तिला का? प्राचार्यांनी हात जोडले. परीक्षा पुन्हा घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आता उन्हाळ्यात. सर तरीही उठेनात. एरवी एका वाक्यात माणसाला गप्प करणारा हा माणूस तिथे तेच तेच पुन्हा सांगत राहिला, की तिने वेळेत पाठवला होता, सगळ्यांच्या आधी पाठवला होता. प्राचार्य घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा मीच त्यांना म्हटलं, चला सर. मला ते बघवत नव्हतं.

वसतिगृहाला प्रतिभाने तिथल्याच व्हरांड्यातून फोन लावला. त्यांना माणूस दिवाळीनंतर हवं होतं, उन्हाळ्यात नव्हे. त्यांच्याकडे दुसरं नाव तयार होतं.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, आम्हाला काहीतरी करता आलं असतं, पाठीवर हात ठेवता आला असता. जिना उतरताना ती थांबली आणि सरांचा आवाज जिथून आला होता तिकडे तोंड करून म्हणाली, "सर, मला खरंच बरोबर वाचून दाखवत होतं. मी खोटं नाही बोलले नं तुमच्याशी."

सरांनी तिच्या भावाला, सांभाळून न्या, एवढंच सांगितलं. मला त्या क्षणी कार्यवाहांचा, पंधरवड्याचा, डिस्कचा आणि आमच्या त्या साठवलेल्या मेलच्या ढिगाऱ्याचा असा काही तिटकारा आला, की परत जाऊन संस्थेला कुलूप लावावं असं वाटलं. लावलं नाही. परत गेलो, कारण दुसऱ्या मुलांचे पेपर होते.

त्याच दुपारी सरांनी डिस्क बसवली. खोक्यावरचा झेंडू बाजूला काढून ठेवला, मागचा बंद केला, चालू केला, अपडेट दिलं. मध्ये चहा नाही. दोन्ही यंत्रांचा नंबर एक झाला आणि पान आपोआप जागेवर आलं, बाणासकट. इतकं सोपं होतं ते. मी बाण दाबला. दुसरं पान उघडलं. जुन्या मेलच्या फिकट ओळींमध्ये एकच ओळ ठळक होती, प्रतिभाची. न वाचलेला मेल ठळक दिसतो.

मी माऊस तिकडे नेला तर सरांनी माझा हात धरला. "उघडू नका. उघडला की वाचलेला दिसेल."

दिसणं ही हौस आहे म्हणणारा हाच माणूस. मग त्यांनी आपोआप जाणारं ते उत्तर बंद केलं आणि मला सांगितलं, की यापुढे ज्याने मेल वाचला असेल त्यानेच स्वतःच्या हाताने लिहायचं. पोचला आहे, असं नाही लिहायचं. वाचला आहे, असं लिहायचं.

पुढे काय व्हायचं ते झालं. कार्यकारिणीने ठरवलं की स्वतःची यंत्रं बाळगण्यात अर्थ नाही, मेल बाहेरच्या कंपनीकडे द्यावा. आम्हाला वाटलं, सर आता बैठकीत सगळ्यांना सोलून काढणार. आम्ही तयारीनेच बसलो होतो, मी तर त्यांच्या बाजूने बोलायचं ठरवूनच गेले होते. ते म्हणाले, ठीक आहे. एवढंच. कार्यवाहसुद्धा गोंधळले. ते सरांना म्हणाले, अहो, काहीतरी बोला. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच समोरून निघून गेल्यावर होतं तसं कसंनुसं त्यांना झालं असावं. सरांनी सगळ्यांचे मेल नव्या ठिकाणी हलवून दिले, एकही न गाळता. जाताना पाटी स्वतः उतरवली, भिंतीतले स्क्रू काढले, भोकं बुजवली, आणि हेल्मेट हातात घेऊन जिना उतरले.

नवं वेबमेल छान दिसतं. काही म्हणजे काही बिघडत नाही. पेटीच्या नावापुढे न वाचलेल्या मेलचा आकडा येतो, आणि आम्ही सगळं वाचून संपवलं तरी तिथे एक हा आकडा राहतो. नवे लेखनिक विचारतात, ताई, एक राहिलाय, उघडू का? मी नको म्हणते. त्यांना कारण सांगत बसत नाही.

मागच्या महिन्यात सर मला बिबवेवाडीच्या भाजीबाजारात भेटले. स्कूटरला पिशवी अडकवत होते. बारीक झालेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, त्या मुलीचं काही कळलं? मला काही कळलेलं नव्हतं. उन्हाळ्याच्या परीक्षेसाठी तिचा मेल आलाच नाही. चुलतभावाचा फोन लागत नाही. ती गावी आहे, एवढंच कोणीतरी सांगितलं होतं.

"मी लिहिलंय तिला," सर म्हणाले.

"पोचला मेल?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"पोचला असणार. परत आला नाही." पिशवीची गाठ बसली होती, तरी ते ती पुन्हा सोडून बांधत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वाचला असेल का हो तिने?"

"वाचला असेल, सर," मी म्हटलं.

मला काहीही ठाऊक नव्हतं. एरवी असली थाप त्यांनी मला पचू दिली नसती. त्या दिवशी त्यांनी मान हलवली, हेल्मेट घातलं आणि स्कूटर सुरू केली.